पेनिसिलिनला दाद न देणारे जीवाणू : गोष्ट सांगताना काय चुकते?

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंविषयी आता शाळेत शिकवले जाते, वर्तमानपत्रांत लिहून येते, दवाखान्यांच्या भिंतींवर फलक लागतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण या साऱ्या लिखाणात काही ठरावीक वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात. 'औषध वारंवार घेतल्याने जंतूंना त्याची सवय होते.' 'जंतू एक विकर तयार करतात आणि ते औषधाचे तुकडे करून टाकते.' 'विकर आणि औषध यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे असते.' आणि शेवटी, 'जंतू आपल्यापेक्षा हुशार निघाले.'

वाक्ये सोपी आहेत, लक्षात राहतात. म्हणूनच ती एकदा तपासून पाहायला हवीत. तपासणीसाठी आम्ही एक प्रत्यक्षातले विकर, म्हणजेच एन्झाइम, निवडले आहे. पेनिसिलिन निकामी करणाऱ्या विकरांना बीटा-लॅक्टमेज म्हणतात. त्यांतील 'टेम-१' या विकराची रचना अणूंच्या पातळीपर्यंत ठाऊक आहे आणि त्याच्या कामाचा जवळजवळ प्रत्येक टप्पा तपासला गेला आहे. आपली वाक्ये या विकराच्या कसोटीवर कितपत उतरतात ते पाहू.

सवय कुणाला होते?

डिसेंबर १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी 'नेचर' साप्ताहिकात एक छोटेसे पत्र प्रसिद्ध केले. आपल्या आतड्यात राहणाऱ्या कोलाय जीवाणूंच्या पेशी चिरडून काढलेल्या अर्कात पेनिसिलिन निकामी करणारे एक विकर आहे, असे त्यात म्हटले होते. या विकराला त्यांनी 'पेनिसिलिनेज' हे नाव सुचवले. आता पुढची तारीख पाहा. ऑक्सफर्डच्या याच गटाने पेनिसिलिनने रुग्ण बरा करण्याचा पहिला प्रयत्न केला तो फेब्रुवारी १९४१ मध्ये. म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच ते निकामी करणारे विकर सापडले होते! त्या जीवाणूंना औषधाची सवय होणार तरी कशी?

याहून जुना पुरावाही आहे. कॅनडातील युकॉन प्रदेशात सुमारे ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या मातीतून शास्त्रज्ञांनी डीएनए मिळवला. त्यात पेनिसिलिनच्या कुळातील औषधांचा प्रतिकार करणारी जनुके आढळली. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. पेनिसिलिन हे मुळात बुरशीने तयार केलेले द्रव्य आहे, हे लक्षात घेतले तर यात नवल वाटू नये. बुरशी आणि जीवाणू मातीत शेजारी-शेजारी राहत आले आहेत. माणूस या गोष्टीत फार उशिरा आला.

मग रुग्णालयात दिसते ते काय? लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जीवाणूंचे नमुने तपासले. १९४८ पर्यंत निम्म्याहून अधिक नमुने पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते. पण नाजूक जीवाणू हळूहळू कणखर बनत गेले, असे त्यांना आढळले नाही. पेनिसिलिनेज तयार करणारे जीवाणू आधीपासूनच थोडे होते. औषधाने बाकीचे मारले आणि यांना जागा मोकळी करून दिली. यालाच निवड म्हणतात.

जॉशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ साली स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीत हेच मखमलीच्या तुकड्याने दाखवून दिले. एका तबकडीवर वाढलेल्या जीवाणूंच्या वसाहतींवर त्यांनी मखमल टेकवली आणि तिचा ठसा औषध घातलेल्या अनेक तबकड्यांवर उमटवला. प्रत्येक तबकडीवर तग धरणाऱ्या वसाहती त्याच-त्याच जागी उगवल्या. म्हणजे मूळ तबकडीवर, औषधाशी गाठ पडण्यापूर्वीच, तिथे प्रतिकारक्षम जीवाणू हजर होते.

'सवय' या शब्दाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. काही जीवाणूंमध्ये पेनिसिलिनची चाहूल लागली की विकराचे उत्पादन अनेक पटींनी वाढते. हे वरवर सवयीसारखे दिसते. पण त्यासाठी विकराचे जनुक आधीपासून असावे लागते. ज्याच्याजवळ जनुकच नाही, त्याला कितीही 'सवय' लावली तरी विकर येणार नाही.

हा शब्दाचा कीस काढणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली १२ देशांतील सुमारे १०,००० लोकांची पाहणी केली. भारत त्या बारांपैकी एक होता. प्रतिकार म्हणजे रुग्णाच्या शरीरालाच औषध लागू पडेनासे होणे, असे त्यांपैकी ७६ टक्के लोकांना वाटत होते. 'सवय' हा शब्द नेमका याच समजुतीला खतपाणी घालतो, कारण सवय आपल्याला होते, चहाची होते, तंबाखूची होते. असे मानणारा माणूस म्हणतो, 'मी क्वचितच औषध घेतो, मला काय धोका?' प्रत्यक्षात प्रतिकारक्षम जीवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ज्याने आयुष्यात एकही गोळी घेतली नाही, त्यालाही तो गाठू शकतो.

'तुकडे' होतात का?

दुसरे वाक्य रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी वहीत मांडून पाहावे. पेनिसिलिन-जी या रेणूचे रेणुवस्तुमान सुमारे ३३४ आहे. विकराने काम केल्यावर जे द्रव्य मिळते, ते पेनिसिलोइक आम्ल, त्याचे सुमारे ३५२. वस्तुमान कमी न होता १८ ने वाढले! १८ म्हणजे पाण्याचा एक रेणू. तुकडा एकही पडलेला नाही. एक बंध तुटला, तिथे पाणी जोडले गेले आणि रेणू अखंडच राहिला.

मग औषध निकामी का झाले? पेनिसिलिनच्या मध्यभागी तीन कार्बन आणि एक नायट्रोजन यांचे चौकोनी कडे असते. त्याला बीटा-लॅक्टम कडे म्हणतात. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने ते निश्चित केले. चौकोनात बंधांचे कोन ९० अंशांच्या आसपास येतात. हे कोन त्या अणूंना सोसणारे नाहीत. त्यामुळे कडे वाकवलेल्या पट्टीसारखे ताणलेले असते. औषधाची सारी करामत या ताणात आहे. बंध तुटून कडे उघडले की ताण गेला आणि औषधही गेले.

तोडणे कुठे होते हे किती महत्त्वाचे आहे, याचे उदाहरण औषधनिर्मितीतच मिळते. 'पेनिसिलिन ॲसिलेज' नावाचे आणखी एक विकर आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी या गटातील एका विकराची रचना १९९९ साली प्रसिद्ध केली. हे विकर पेनिसिलिनची बाजूची साखळी कापून वेगळी करते. इथे खरोखरच दोन तुकडे पडतात, पण चौकोनी कडे शाबूत राहते. त्या कड्याला नवी साखळी जोडून कारखान्यांत अँपिसिलिनसारखी औषधे तयार करतात. एका विकराने एकही तुकडा न पाडता औषध संपवले. दुसऱ्याने तुकडे पाडून नव्या औषधाचा कच्चा माल दिला. 'विकर औषध तोडते' एवढ्याच वाक्यावर थांबणारा विद्यार्थी या दोहोंत फरक करू शकणार नाही.

एकच किल्ली, दोन कुलुपे

आता कुलूप-किल्लीकडे वळू. ही उपमा एमिल फिशर यांनी १८९४ साली मांडली आणि ती टाकाऊ नाही. विकर निवडक का असते, एका शर्करेवर काम करते आणि तिच्या जुळ्या भावंडावर का करत नाही, हे ती चांगले समजावते. मात्र पेनिसिलिनच्या गोष्टीत ती नेमक्या मुद्द्याशी येऊन अडते.

पेनिसिलिन जीवाणूला मारते कसे, ते आधी पाहू. जीवाणूची पेशीभित्तिका शर्करांच्या लांब साखळ्यांची बनते आणि या साखळ्या अमिनो आम्लांच्या छोट्या पुलांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. पूल जोडण्याचे काम करणारी काही विकरे असतात. त्यांच्या खोबणीत सेरीन नावाचे अमिनो आम्ल असते. सेरीन एका साखळीचे टोक स्वतःला चिकटवून घेते, मग शेजारची साखळी येते, टोक तिच्याकडे सोपवले जाते आणि सेरीन मोकळे होते. पेनिसिलिनचा आकार या टोकासारखा आहे, असे टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ साली दाखवून दिले. सेरीन फसते. ते पेनिसिलिनचे कडे उघडते आणि त्याला चिकटून बसते. पण उघडलेले पेनिसिलिन जागा सोडत नाही आणि पुढच्या साखळीला आत येऊ देत नाही. विकर अडकते ते तासाच्या मापाने मोजावे इतका वेळ. तेवढ्यात वाढत्या जीवाणूची भित्तिका कच्ची राहते आणि तो फुटतो.

आता टेम-१ कडे पाहू. सुमारे २६३ अमिनो आम्लांची ही साखळी घडी घालून एका गोळ्यासारखी बसलेली असते. तिच्या खोबणीत ७० व्या क्रमांकावर असते सेरीन! तेही पेनिसिलिनचे कडे उघडते, तेही त्याला चिकटते. इथपर्यंत दोन्ही विकरांची गोष्ट एकच आहे. १९८६ साली एका बीटा-लॅक्टमेजची आणि पेनिसिलिनला बळी पडणाऱ्या एका विकराची रचना शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा दोघांच्या घड्याही विलक्षण सारख्या निघाल्या. भक्ष्य आणि रक्षक हे एकाच घराण्यातले जुने नातलग आहेत.

फरक पुढच्या पायरीवर आहे. टेम-१ मध्ये १६६ व्या क्रमांकावर ग्लुटामिक आम्ल असते आणि त्याने पाण्याचा एक रेणू अचूक जागी धरून ठेवलेला असतो. हे पाणी सेरीन आणि पेनिसिलिन यांच्यातील बंधावर घाव घालते. उघडलेले पेनिसिलिन सुटून जाते आणि सेरीन पुढच्या रेणूसाठी तयार होते. सारे काही सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात उरकते. टेम-१ चा एक रेणू एका मिनिटात पेनिसिलिनचे साठ हजारांच्या घरात रेणू निकामी करू शकतो.

इथे उपमेची अडचण लक्षात येते. किल्ली दोन्ही कुलुपांत बसते, दोन्हींत फिरते. एका कुलुपातून ती लगेच बाहेर येते, दुसऱ्यात ती अडकून राहते. जीवाणूच्या जगण्या-मरण्याचा फैसला किल्ली बसण्यावर होत नाही, ती सुटायला किती वेळ लागतो यावर होतो. कुलूप-किल्लीच्या उपमेत आकार आहे, पण वेळ नाही. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

चित्रातून गळालेले पाणी

अशीच तक्रार चित्रांविषयीही करता येईल. विकरांची रंगीत फितींनी काढलेली चित्रे आता पुस्तकांत सर्रास दिसतात. घडी कशी पडली आहे हे दाखवायला ती उत्तम आहेत. पण फितीच्या चित्रात पाण्याचे रेणू बहुधा वगळलेले असतात. टेम-१ च्या बाबतीत याचा अर्थ असा, की नाटकाची जाहिरात छापली आणि मुख्य पात्राचे नावच राहून गेले.

या पात्राची कामगिरी एका सुंदर प्रयोगात दिसली. नॅटली स्ट्रिनाड्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम-१ मधील १६६ वे ग्लुटामिक आम्ल बदलून तिथे ॲस्परजीन आलेले विकर घेतले. खोबणी होती, सेरीन होते, पेनिसिलिन आत येत होते, चिकटत होते. पण सुटत नव्हते. या अडकलेल्या अवस्थेचे स्फटिक करून त्यांनी क्ष-किरणांनी तिची रचना टिपली आणि १९९२ साली प्रसिद्ध केली. एका अमिनो आम्लाच्या बदलाने रक्षकाची अवस्था जवळजवळ भक्ष्यासारखी झाली.

औषधशास्त्राने याच पायरीचा उपयोग केला आहे. मातीतल्या एका जीवाणूपासून मिळणारे क्लॅव्हुलॅनिक आम्ल हे बीटा-लॅक्टमेजच्या खोबणीत शिरते, सेरीन त्यालाही उघडते, पण उघडल्यावर ते अशी रूपे घेते की पाण्याला ते सहजी सोडवता येत नाही. म्हणून अमॉक्सिसिलिनबरोबर ते दिले जाते. एक विकराला गुंतवून ठेवते, दुसरे जीवाणूला मारते. औषधाच्या वेष्टनावर ही दोन नावे अनेकांनी वाचली असतील. ती एकत्र का असतात, हे कुलूप-किल्लीपेक्षा 'अडकणे आणि सुटणे' या भाषेत चटकन समजते.

हुशारी कुणाची?

पेनिसिलिनेजला पुरून उरावे म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी सेफोटॅक्झिमसारखी, मोठ्या बाजूच्या साखळ्यांची औषधे तयार केली. टेम-१ च्या खोबणीत ती नीट बसत नाहीत. पण टेमची नवी रूपे सापडू लागली. २३८ व्या जागी ग्लायसीन जाऊन सेरीन आले, की खोबणी थोडी सैल होते आणि मोठे औषधही आत मावते.

याला हुशारी म्हणावे काय? त्या एका बदलाची किंमत पाहा. खोबणी सैल झाली, पण विकराची घडी डळमळीत झाली. १८२ व्या जागी आणखी एक बदल झाला तर घडी पुन्हा सावरते, मात्र तो बदल एकटा आला तर सेफोटॅक्झिमविरुद्ध फारसा कामाचा नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २००६ साली असे पाच बदल घेतले. पाचही एकत्र आल्यास सेफोटॅक्झिमचा प्रतिकार सुमारे एक लाख पटींनी वाढतो. पाच बदल एकामागून एक येण्याचे १२० क्रम होतात. त्यांतील १०२ क्रमांमध्ये कुठे ना कुठे अशी पायरी येते, जिथे बदलाने फायदा होत नाही. नैसर्गिक निवडीला ते रस्ते बंदच. उरले फक्त १८.

हुशार माणूस पुढचे पाहून आजचा तोटा सोसतो. जीवाणूंना ते जमत नाही. त्यांच्याजवळ आहे प्रचंड संख्या, झपाट्याची वाढ आणि जनुकांची देवघेव. टेम-१ चे जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असते आणि ते एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीकडेही जाते. 'हुशार शत्रू' म्हटले की आपण हतबल होतो. '१२० पैकी १८ रस्ते' म्हटले की पुढचा प्रश्न सुचतो : हे अठरा रस्ते अवघड करता येतील का? शिक्षणात दुसऱ्या भाषेची गरज आहे.

नावाचा वाद आणि रचनेचा मुद्दा

'एनडीएम-१' या विकराची आठवण इथे अनेकांना होईल. नवी दिल्लीत रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात त्याचा जीवाणू २००८ साली सापडला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात विकराला 'न्यू डेल्ही'चे नाव मिळाले. २०१० साली आपल्याकडे या नावावरून मोठा गदारोळ झाला. आक्षेप समजण्यासारखा होता, कारण शहराच्या नावाला रोगाचा डाग लागतो. पण अशी नावे व्हेरोना आणि साओ पाउलो यांच्याही वाट्याला आली आहेत, आणि 'टेम' ही तर अथेन्समधील एका रुग्णाच्या नावाची अक्षरे आहेत.

आम्हाला खटकते ते वेगळेच. त्या गदारोळात विकराविषयी फारच थोडे बोलले गेले. एनडीएम-१ च्या खोबणीत ते सेरीन नाही. तिथे जस्ताचे दोन आयन आहेत आणि ते पाण्याला धरून थेट चौकोनी कड्यावर सोडतात. चिकटण्याची पायरीच नाही, म्हणून क्लॅव्हुलॅनिक आम्ल इथे निरुपयोगी ठरते. घराणे वेगळे, हत्यार वेगळे, परिणाम मात्र तोच. नावावर वाद घालताना वर्गाला ही गोष्ट सांगण्याची संधी हुकली.

मग वर्गात काय सांगावे?

एस.टी. स्थानकावरची तिकिटाची खिडकी घ्या. एका खिडकीवर आलेला माणूस तिकीट घेऊनही हलतच नाही. मागची रांग खोळंबते. ही झाली पेनिसिलिनने अडवलेली, भित्तिका बांधणारी विकरे. दुसऱ्या खिडकीशी एक शिपाई उभा आहे. काम झाले की तो माणसाला लगेच बाजूला करतो. ही झाली टेम-१ ची खिडकी, आणि शिपाई म्हणजे पाण्याचा रेणू. विद्यार्थ्यांना दोन रांगांत उभे करून पाच मिनिटांत हा खेळ घेता येतो. शिपायाचे हात बांधा, आणि १९९२ चा प्रयोग झाला. अंगाला चिकटून बसणारा माणूस पाठवा, की क्लॅव्हुलॅनिक आम्ल झाले.

ही उपमाही अपुरी आहे. खिडकी आपला आकार बदलत नाही, विकर मात्र सतत किंचित हलत असते. शिवाय खिडकीला इतिहास नाही, विकराला आहे. म्हणून उपमा दिल्यावर 'ही कुठे अपुरी पडते?' हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावा. आमच्या मते उपमेचा खरा उपयोग तिथेच सुरू होतो.

आणि 'सवय' या शब्दाऐवजी एक साधे वाक्य वापरता येईल : 'औषधाने नाजूक जीवाणू मेले, विकर असलेले उरले, आणि उरलेल्यांनी आपली जनुके वाटली.' शब्द थोडे जास्त आहेत. पण सर्दीसाठी दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची गोळी शेजारच्या घरातील बाळाला कशी महाग पडू शकते, हे या वाक्यातून विद्यार्थ्याला स्वतः शोधून काढता येते. वर्गात हे वाक्य लिहा आणि पुढची साखळी त्यांना पूर्ण करायला सांगा.